इंटर्नशिपच्या वहीवर नुसती सही नको : विधी महाविद्यालयातलं क्लिनिकल प्रशिक्षण खरोखर कसं मिळवायचं?

अवंती_का

गेल्या महिन्यात बार रूममध्ये एलएलबीच्या तिसऱ्या वर्षाची तीन मुलं माझ्या टेबलापाशी आली. हातात तीन वह्या. प्रत्येकीत एक दिवाणी दावा पाहिल्याची नोंद, एक फौजदारी खटला पाहिल्याची नोंद आणि दोन पक्षकारांच्या मुलाखती. अक्षर तीन तऱ्हांचं, मजकूर एकच. पक्षकारही तोच आणि त्याचं रडगाणंही तेच. "मॅडम, फक्त सही हवी होती. सोमवारी प्रॅक्टिकल आहे."

मी सही केली नाही. मुलांवर राग नव्हता. मीही माझी वही वरच्या वर्गातल्या मुलीकडून आणून दोन रात्रींत उतरवली होती, आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणीतरी मोजली. सनद मिळाल्यावर चौथ्या महिन्यात एक बाई पोटगीसाठी आल्या. अर्ज मी नीट लिहिला, कलमं बरोबर, मागण्या बरोबर. पण "याआधी कुठे अर्ज केला होता का?" एवढं विचारायचं राहिलं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या तालुक्यात त्यांचा अर्ज गैरहजेरीमुळे निकाली निघाला होता. पहिल्याच तारखेला समोरच्या वकिलांनी त्याची नक्कल पुढे केली. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांनी काही लपवलं नव्हतं. मीच विचारलं नव्हतं. पुढे प्रकरण सावरलं, पण पाच महिने गेले, आणि ते पाच महिने त्यांनी दोन मुलांसह भावाच्या घरी काढले.

पक्षकाराला काय विचारायचं, हे तीन वर्षांत मला कोणी शिकवलं नव्हतं. शिकवलं होतं असा कागद मात्र होता.

नियम काय म्हणतात ते सांगते, कारण बऱ्याच विद्यार्थ्यांनी ते वाचलेलेच नसतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत चार क्लिनिकल पेपर सक्तीचे आहेत: मसुदालेखन, व्यावसायिक नीतिमत्ता, पर्यायी वादनिवारण, आणि अभिरूप न्यायालय (मूट कोर्ट, म्हणजे खोटा खटला चालवण्याचा सराव) व इंटर्नशिप. या शेवटच्या पेपरात अभिरूप न्यायालयाला ३० गुण, दोन खटल्यांच्या निरीक्षणाला ३०, मुलाखती आणि खटल्यापूर्वीच्या तयारीच्या वहीला ३०, तोंडी परीक्षेला १०. शिवाय तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप, एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही.

आता मुलाखतीचा नियम नीट वाचा. विद्यार्थ्याने वकिलाच्या ऑफिसात किंवा विधी सहाय्य केंद्रात दोन मुलाखती 'पाहायच्या' आणि नोंदवायच्या. म्हणजे अगदी प्रामाणिकपणे वही लिहिली तरी विद्यार्थी प्रेक्षकच. क्लिनिक हा शब्द आपण डॉक्टरांकडून घेतला. तिकडे शिकाऊ डॉक्टर खाटेजवळ उभा राहतो, नाडी स्वतः धरतो, चुकला तर मागे उभे असलेले सर तिथेच सांगतात. आपल्याकडे शिकाऊ वकील खाट लांबून बघतो.

करण्याची सोय नियमांत आहे, पण दुसऱ्या ठिकाणी. त्याच नियमांच्या परिशिष्टात लिहिलं आहे की प्रत्येक महाविद्यालयाने ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली विधी सहाय्य क्लिनिक चालवायचं, ते शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी चालवायचं आणि विधी सेवा प्राधिकरणाची, म्हणजे गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेची, साथ घ्यायची. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ च्या कलम ४ मध्येही विद्यापीठं आणि विधी महाविद्यालयांतल्या क्लिनिकांना चालना देणं हे राष्ट्रीय प्राधिकरणाचं काम म्हणून नमूद आहे. कित्येक ठिकाणी हे क्लिनिक म्हणजे जिन्याखालची एक खोली, बाहेर पाटी आणि आत रचलेल्या खुर्च्या.

त्या तिघांना म्हटलं, बुधवारी माझ्याबरोबर जिल्हा कारागृहाच्या क्लिनिकला या, मग वहीचं बघू. दोघं आली. पुढचं त्यांच्यापैकी कोणी इथे असेल तर त्यांनीच लिहावं.

मला तुमच्याकडून हवंय ते असं: विद्यार्थी असताना तुम्हाला खऱ्या माणसाचं खरं काम करायला कुठे मिळालं? कोणी मिळवून दिलं? नसेल मिळालं, तर कुठे अडलं?

रानजाई

वाचते आहे. मुलगी यंदा पहिल्या वर्षाला आहे, तिलाही धागा पाठवला.

तिसरे_वर्ष_संध्याकाळ

ताई, सगळं पटलं, पण माझी अडचण सांगतो. मी दिवसा एका पतसंस्थेत काम करतो. सकाळी कॉलेज, मग पतसंस्था, सुटायला सहा वाजतात. कोर्ट नेमकं माझ्या कामाच्या वेळेत चालतं. वर्गातल्या निम्म्या मुलांचं असंच आहे. कोणी मेडिकल स्टोअरवर, कोणी वडिलांच्या शेतावर, दोन पोलीस शिपाई आहेत. दुसरी अडचण ओळखीची. घरात वकील कोणी नाही. एका ऑफिसात विचारलं तर "आमच्याकडे आधीच चार ज्युनियर आहेत, तू काय करणार?" म्हणाले. खरंच काय करणार होतो, मला ड्राफ्टिंग येत नाही. ड्राफ्टिंग येत नाही म्हणून कोणी घेत नाही, आणि कोणी घेत नाही म्हणून ते येत नाही.

आमच्यासारख्यांनी वही उतरवली नाही तर काय करायचं?

निशाणी५

१९९३ ची सनद आहे. चाळीसेक ज्युनियर माझ्या हाताखालून गेले असतील. थोडं वेगळं मत मांडतो.

पूर्वी शिक्षण सिनियरच्या ऑफिसातच होत असे. पहिलं वर्ष नकला काढणं, तारखा लिहिणं, शिरस्तेदाराला विचारून येणं. दुसऱ्या वर्षी मुदतीचा अर्ज, हजेरी माफीचा अर्ज, पुरसीस (कोर्टाला द्यायचं छोटं लेखी निवेदन). मग कधीतरी एखादा साक्षीदार. हळूहळू चालायचं, पण कच्चं काम पक्षकाराच्या अंगावर जात नसे. १९९७ मध्ये बार कौन्सिलने चार प्रात्यक्षिक पेपर सक्तीचे केले तेव्हा मला आनंद झाला होता. त्यानंतर कॉलेजांनी त्याची जर्नलं करून टाकली.

क्लिनिकबद्दल मात्र मला भीती वाटते. गावात शिबिर घेऊन विद्यार्थी सल्ला देतात. एका शेतकऱ्याला अशाच शिबिरात सांगितलं गेलं की फेरफार झाला म्हणजे जमीन नावावर झाली. फेरफार ही महसुलासाठीची नोंद, तिने मालकी सिद्ध होत नाही. तो निर्धास्त राहिला. माझ्याकडे आला तेव्हा बंधूंनी जमीन विकली होती. गरिबाला फुकट सल्ला मिळतो म्हणून तो चुकीचा मिळाला तरी चालेल का?

खटल्याच्या निरीक्षणाबद्दल एक सूचना. एका दिवसात खटला दिसत नाही. दिसतो पुकारा, आणि पुढची तारीख. एकच प्रकरण निवडा. वकिलांच्या परवानगीने फाईल आधी वाचा: फिर्याद, पंचनामा, जबाब. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर प्रकरणाचा सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक टाकला की तारखा आणि आदेश मोबाईलवर दिसतात, तेव्हा रोज कोर्टात यायला नको. उलटतपासाच्या दिवशी मात्र सुट्टी काढून या. जाण्याआधी वहीत लिहा, मी असतो तर या साक्षीदाराला कोणते पाच प्रश्न विचारले असते. मग बघा, वकिलांनी त्यातले कोणते विचारले, कोणते टाळले. टाळलेला प्रश्न का टाळला, हे संध्याकाळी त्यांना विचारा. नोकरी करणाऱ्यालाही एवढं जमेल, आणि उतरवलेल्या दहा वह्यांत मिळणार नाही ते त्यात मिळेल.

अवंती_का

सर, फेरफाराचं उदाहरण वाचून वाईट वाटलं. तुमची भीती रास्त आहे. म्हणूनच आमच्याकडे पहिला नियम असा की विद्यार्थ्याने त्या दिवशी सल्ला द्यायचाच नाही. ऐकायचं, कागद बघायचे, तारखा क्रमाने लिहायच्या आणि "वकील मॅडमशी बोलून पुढच्या बुधवारी सांगतो" म्हणायचं. मधल्या आठवड्यात तो शोधतो, लिहितो, मी तपासते. पक्षकाराला वाट बघावी लागते हे खरं, पण उत्तर तपासलेलं मिळतं. मुदत संपत असेल किंवा मारहाणीचा धोका असेल तर मात्र त्याच क्षणी मला फोन.

दुसरा नियम गुप्ततेचा. वकील आणि पक्षकार यांच्यातल्या बोलण्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं संरक्षण आहे. ते दुभाषांना आणि वकिलाच्या कारकून-कर्मचाऱ्यांनाही लागू होतं. विद्यार्थी असा शब्द तिथे नाही. म्हणून पक्षकाराची लेखी संमती घेते, विद्यार्थ्याकडून लिहून घेते, आणि वहीत नाव-गाव घालू देत नाही. गावातल्या माणसाची गोष्ट कॉलेजच्या जर्नलमध्ये फिरू नये.

सोमवारची_प्रॅक्टिकल

त्या तिघांपैकी मी एक. ताईंनी लिहायला सांगितलं म्हणून लिहितो, मोठं होईल.

गेटवर मोबाईल, पाकीट, पट्टा सगळं जमा. आत एका खोलीत टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर विधी सेवा प्राधिकरणाचा फलक आणि १५१०० हा हेल्पलाइन क्रमांक. एकेक न्यायाधीन बंदी, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीच आत असलेला माणूस, येतो. मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं: पहिली पाच मिनिटं कलम विचारायचं नाही.

माझ्यासमोर आला तो वीटभट्टीवरचा मजूर, तेवीस-चोवीस वर्षांचा, विदर्भातल्या एका खेड्यातला. मोबाईल चोरीचा आरोप. आत येऊन चार महिने झालेले. मी पाच मिनिटं कशीबशी काढली आणि मग मला येत होतं ते केलं. नवीन नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ आमच्या परीक्षेला आलं होतं. पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढल्यावर सुटका, इतरांना निम्मा काळ. फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही. चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे एक वर्ष. याचे चारच महिने झाले. मी लिहिलं, "अपात्र", आणि पुढच्या माणसाला बोलवा म्हणालो. उत्तर बरोबर आलं म्हणून बरंही वाटलं.

मॅडमनी कागद बघितला आणि विचारलं, "तो आत का आहे?"

मी म्हटलं, चोरी. त्या म्हणाल्या, "तो आरोप झाला. आत का आहे?"

मला कळेना. त्यांनी त्याला परत बोलावलं आणि विचारलं, शेवटच्या तारखेला कोर्टात काय झालं? तो म्हणाला, "जामीन झाला असं शिपाई बोलले. पण जामीन झाला असता तर मी इथं कसा असतो?" बाहेर येऊन मोबाईल घेतला, ई-कोर्ट्सवर आदेश शोधला. अडीच महिन्यांपूर्वी जामीन मंजूर झालेला. पंधरा हजारांचा, एक स्थानिक जामीनदार. या जिल्ह्यात त्याला ओळखणारा एकच माणूस, भट्टीचा मुकादम, आणि फिर्याद त्यानेच दिलेली. जामीनदार म्हणजे काय, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला म्हणजे काय, त्याला कोणी सांगितलं नव्हतं. घरी फक्त आई, आणि तो तुरुंगात आहे हे तिला माहीत नव्हतं. भट्टीवर आहे असंच ती समजत होती.

त्या रात्री मी अर्ज लिहिला. अडीच पानं. राज्यघटनेचा अनुच्छेद २१, गरिबांच्या जामिनाबद्दलचे गाजलेले निकाल: १९७८ चा मोतीराम खटला, १९७९ चा हुसैनारा खातून. मॅडमनी तो परत दिला. दुसऱ्यांदा परत, तिसऱ्यांदा परत. चौथ्या वेळी एक पान उरलं: जामीन कोणत्या तारखेला झाला, आज कोणती तारीख, जामीनदार का मिळत नाही, सुटल्यावर कुठे राहणार, तारीख त्याला कोण कळवणार. शेवटी एक ओळ, सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या निर्देशांची: जामीन होऊन महिनाभरात जामीनपत्र देता आलं नाही तर न्यायालय स्वतःहूनही अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं. 'कुठे राहणार' ही ओळ भरायला मला तीन दिवस लागले. आईच्या गावातल्या आशाताईंचा नंबर मिळाला, त्यांनी आईला फोनवर बोलावलं. मी काय सांगितलं ते इथे लिहीत नाही.

अर्ज लोकअभिरक्षक कार्यालयातल्या (विधी सेवा प्राधिकरणाच्या, आरोपींना मोफत वकील देणाऱ्या) वकिलांनी चालवला. मी मागच्या बाकावर होतो. जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर, सुटका झाली, मी भेटल्यापासून नवव्या दिवशी.

वर सरांनी चुकीच्या सल्ल्याची भीती लिहिली आहे. माझं उत्तर कायद्याने बरोबर होतं, आणि त्यावर विसंबून तो आतच राहिला असता. हे मला वर्गात कधी कळलं नसतं.

रानजाई

"तो आत का आहे?" हे वाचून थांबले. आई होती ना घरी...

मध्यान्ह

इथे एक माहिती जोडतो. पैशाअभावी अडकलेल्यांसाठी केंद्राची २०२३ ची गरीब बंद्यांना मदत करणारी योजना आहे. न्यायाधीन बंद्याला जामिनाच्या रकमेसाठी, शिक्षा झालेल्याला दंडासाठी मदत मिळू शकते. २०२३ च्या मूळ सूचनांत ही मर्यादा ४० हजार आणि २५ हजार होती. जिल्हा पातळीवरच्या समितीकडून ती मंजूर होते. आतल्या माणसाला हे कळत नाही, बाहेरून कोणीतरी अर्ज हलवावा लागतो. विद्यार्थ्यांनी करण्यासारखं काम आहे.

मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगांत काम करतोय. तिथे वकील आणि समाजकार्यकर्ते शेजारी बसतात. कायद्याच्या विद्यार्थ्याने अशा ठिकाणी महिनाभर बसावं. कागदामागचं घर बघायची सवय लागते.

शिकागोहून_सई

मूळची नाशिकची, इथे जेडी (अमेरिकेतली कायद्याची पदवी) केलं. तुलना म्हणून लिहिते, इथलं सगळं चांगलं असं मुळीच म्हणायचं नाही.

इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा ७११ क्रमांकाचा नियम आहे. त्याखाली ठरावीक अभ्यास पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला मर्यादित परवाना मिळतो, बोलीभाषेत 'सेव्हन-इलेव्हन'. पक्षकाराची संमती आणि देखरेख करणारा वकील असेल तर विद्यार्थी न्यायाधीशांसमोर बोलू शकतो. तुरुंगवास होऊ शकेल अशा फौजदारी प्रकरणात तो वकील स्वतः हजर लागतो. शिवाय अमेरिकन बार असोसिएशनच्या मानकांप्रमाणे प्रत्येक विद्यार्थ्याला प्रत्यक्ष अनुभवाचे किमान सहा क्रेडिट घ्यावेच लागतात.

माझं पहिलं प्रकरण घर खाली करण्याचं. भाडं थकलं की घरमालक पाच दिवसांची नोटीस देतो, मग डेली सेंटर या इथल्या कोर्टाच्या इमारतीत खटला. माझ्या पक्षकार आजी नोटीस दाराखालून आली म्हणत होत्या, मालक हातात दिली म्हणत होता. मी दोन मिनिटं बोलले. त्या दोन मिनिटांसाठी सहा आठवडे तयारी केली होती.

खरं शिकले ते मात्र कोर्टात नाही, शुक्रवारच्या बैठकीत. डॉक्टरांच्या राउंडसारखी केस राउंड. आठ विद्यार्थी, प्रत्येकाने आपलं अडलेलं प्रकरण मांडायचं. बाकीच्यांनी उत्तरं सुचवायच्या आधी फक्त प्रश्न विचारायचे. "हे तुला कसं कळलं?" हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा यायचा. याला कुठलाही परवाना लागत नाही, पैसे लागत नाहीत. तुमच्या कॉलेजात उद्या सुरू करता येईल.

निशाणी५

आपल्याकडे अधिवक्ता अधिनियम १९६१ ची कलमं २९ आणि ३३ आडवी येतात. वकिली करण्याचा हक्क फक्त नोंदणीकृत वकिलाला. कलम ३२ खाली न्यायालय एखाद्या प्रकरणात इतर व्यक्तीला परवानगी देऊ शकतं, पण त्यावर विद्यार्थ्यांची व्यवस्था उभी राहणार नाही.

सोमवारची_प्रॅक्टिकल, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. अडीच पानांचं एक पान झालं, हे शिकायला मला सनदेनंतर चार वर्षं लागली. सल्ला आठवड्याने द्यायचा, ही अवंतीताईंची पद्धतही मान्य. माझी हरकत देखरेख नसलेल्या शिबिरांपुरती ठेवतो.

ग्रामसभा_उत्तर

मी गडचिरोलीत ग्रामसभांसोबत काम करतो. कोर्टात उभं राहता येत नाही म्हणून विद्यार्थ्यांना काम नाही, असं कोणी म्हणू नये जी.

आमच्याकडे वनहक्काचे, म्हणजे कसत असलेल्या जंगलजमिनीवरच्या हक्काचे, दावे आहेत. २००६ चा कायदा. दावा आधी ग्रामसभेत, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. यात कुठंच वकील लागत नाही. लागतो तो नीट ऐकून नीट लिहिणारा माणूस. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत होतो हे दाखवायचं असते. कागद नसतो. पण नियम १३ प्रमाणं गावातल्या म्हाताऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा होतो, जुनी विहीर, बांध, देवस्थान, मसणवटाही. आता म्हातारा सन सांगत नाही. तो सांगतो, मोठा पूर आला त्याच्या दुसऱ्या वर्षी मोह तोडला. ते सन कोणतं, ते शोधून जबाबात बसवायचं. दावा फेटाळला तर साठ दिवसांत वरच्या समितीकडं जावं लागते, आणि फेटाळल्याचं कारण लेखी मागायचा हक्क आहे हे गावाला ठाऊकच नसते.

दोन कॉलेजांची मुलं आली होती. एका कॉलेजची दीड दिवस. बॅनर लावला, भाषण झालं, फोटो काढून गेले. दुसऱ्या कॉलेजची सहाच मुलं, पण दहा दिवस राहिली. पहिले तीन दिवस त्यांना माडिया-गोंडी कळेना, आमच्या पोरी दुभाषी झाल्या. शेवटी सतरा जबाब लिहून झाले. परत गेल्यावरही त्यातली एक पोरगी दर महिन्याला फोन करून दाव्याचं काय झालं विचारते. आम्हाला ती कॉलेजवाली वाटत नाही, आमची वाटते.

आमच्याच जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला त्याचं कौतुक सगळे करतात. त्यामागं गावानं किती वर्षं बसून अभ्यास केला, ते शिकायला या.

मिरामार_वारा

गोव्याहून. मिरामारच्या साळगावकर विधी महाविद्यालयाची विधी सहाय्य केंद्रं गावोगावी चालत आली आहेत, मी तिथलीच. आम्हा विद्यार्थ्यांच्या गटांना गावं वाटून दिलेली असत. सुरुवातीला कोणी येत नसे, आम्ही पंचायतीच्या ओट्यावर बसून असू. मग एका बाईने विचारलं, "माझं लग्न झालंय की नाही?"

बाहेरच्यांना हा प्रश्न विचित्र वाटेल. गोव्यात विवाहनोंदणीच्या दोन पायऱ्या आहेत. आधी निबंधकाकडे जाऊन पहिली सही, ठरावीक दिवसांनी दुसरी सही. कित्येक जोडपी पहिल्या सहीनंतर धार्मिक विधी करतात आणि दुसरी सही राहून जाते. त्या बाईंची राहिली होती, आणि नवरा आता घर विकायला निघालेला. पुस्तकात आम्ही समान नागरी कायद्यावर निबंध लिहीत होतो, आणि ओट्यावर बसलेल्या बाईला एका राहिलेल्या सहीमुळे सगळं नाकारलं जात होतं. त्यानंतर आम्ही त्या वाड्यावर घरोघर जाऊन एवढंच विचारलं, दुसरी सही झाली का? मुंडकारांच्या, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्यांच्या, कायद्याखालच्या नोंदींचंही असंच. लोक आपणहून क्लिनिकला येत नाहीत, क्लिनिकने एक प्रश्न घेऊन त्यांच्याकडे जावं लागतं.

साधी_वाचक

मी वकील नाही. एवढी वर्षं इथे फक्त वाचते, आज लिहिते आहे, कारण पलीकडच्या खुर्चीवर मी बसले आहे.

कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जासाठी एका विधी सहाय्य केंद्रात गेले होते. समोर तीन विद्यार्थी. पहिल्याने सगळं विचारलं. मग दुसरी आली, तिने परत पहिल्यापासून. मग मॅडम आल्या, परत पहिल्यापासून. मारहाणीची गोष्ट एका दुपारी तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा सांगताना मला वाटलं, मीच खोटं बोलतेय की काय, कारण शब्द तेच तेच येत होते. एक मुलगा "मग तुम्ही तेव्हाच का नाही निघालात?" असं म्हणाला. त्याचा हेतू वाईट नव्हता. पण मी पुढचे दोन महिने तिकडे गेले नाही.

परत गेले ती एका मुलीमुळे. तिने त्या दिवशी फारसं काही विचारलं नव्हतं. फक्त लिहीत होती, आणि शेवटी कागद माझ्यासमोर फिरवून म्हणाली, "मी बरोबर लिहिलंय का बघा." डावीकडे तारखा, उजवीकडे काय झालं. दवाखान्याच्या चिठ्ठ्यांच्या तारखाही तिने त्यात बसवल्या होत्या. सहा वर्षं माझ्या डोक्यात जो गोळा होता तो एका पानावर ओळीने आला होता. संरक्षण अधिकाऱ्यांनी अहवाल केला तेव्हा तेच पान समोर ठेवलं. मला पुन्हा सगळं बोलावं लागलं नाही.

तुम्ही शिकता ते आमच्यावर. शिका, माझी तक्रार नाही. पण एकाच माणसाने ऐका, आणि लिहिलेलं आम्हाला वाचून दाखवा.

अवंती_का

साधी_वाचक, तुमचा प्रतिसाद उतरवून घेतला आहे. आमच्याकडेही दोन विद्यार्थी एकामागून एक विचारत असत. या बुधवारपासून एक जण बोलेल, दुसरा फक्त लिहील, आणि कागद पक्षकारासमोर फिरवल्याशिवाय मुलाखत संपणार नाही. "का नाही निघालात" हा प्रश्न बंद. त्याऐवजी "तेव्हा घरात आणखी कोण होतं, पैसे कोणाकडे असत" असं विचारलं की तेच उत्तर मिळतं आणि माणूस दुखावत नाही.

तिसरे_वर्ष_संध्याकाळ

वाचून मन भरून आलं. पण माझा प्रश्न अजून तसाच आहे. नोकरीवाल्याने सुरुवात कुठून करायची? शनिवार-रविवार आणि संध्याकाळ एवढंच हातात आहे.

अवंती_का

राहून गेलं होतं, आता नीट लिहिते.

पहिलं, विधी स्वयंसेवक. राष्ट्रीय प्राधिकरणाच्या योजनेत विद्यार्थ्यांना सनद घेईपर्यंत विधी स्वयंसेवक होता येतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे किंवा तालुका समितीकडे चौकशी करा, भरती आणि प्रशिक्षण कधी आहे ते तिथे कळतं. काही काम सुट्टीच्या दिवशीचंच असतं: राष्ट्रीय लोकअदालत साधारण शनिवारी असते. सकाळी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला त्याचं पॅनेल कुठलं, तडजोडीचा कागद वाचून दाखवणं, आणि लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही हे सहीआधी समजावून सांगणं, एवढं केलंत तरी खूप. पतसंस्थेत असल्यामुळे थकीत कर्जाची भाषा तुम्हाला येते, ती पॅनेलवरच्या वकिलांनाही सगळी येत नाही. फक्त तुमच्याच पतसंस्थेचं प्रकरण असेल तर बाजूला राहा.

दुसरं, संध्याकाळचं लेखनकाम. माहिती अधिकाराचं पहिलं अपील तीस दिवसांत, लोकसेवा हक्क कायद्याखालचं अपील, संजय गांधी निराधार योजनेचा अडलेला अर्ज. यांना कोर्ट लागत नाही, वकील लागत नाही, पण मुदत आणि मुद्दा लागतो. आठवड्याला एक लिहा आणि कोणत्याही वकिलाकडून तपासून घ्या. ड्राफ्टिंग असंच येतं. कॉलेजच्या पेपरात मसुद्याचे पंधरा आणि दस्तऐवजांचे पंधरा नमुने करायचेच असतात, त्यांतले काही खऱ्या माणसांचे करा.

तिसरं, निरीक्षण सरांनी सांगितलं तसं. एकच खटला.

निशाणी५

तिसरे_वर्ष, आमच्या तालुक्याच्या जवळ असशील तर निरोप पाठव. रविवारी सकाळी ऑफिस उघडं असतं. एक खुनाच्या प्रयत्नाचा खटला पुढच्या महिन्यात साक्षीला लागतोय. आरोपीला विचारून फाईल वाचायला देईन. पाच प्रश्न लिहून आण.

तिसरे_वर्ष_संध्याकाळ

सर, निरोप पाठवला आहे. दोन तालुके सोडून आहे, पण सकाळची एसटी आहे. येतो.

सोमवारची_प्रॅक्टिकल

ताई, आमच्यातला तिसरा, त्या दिवशी न आलेला, या बुधवारी येतो म्हणतोय. त्याला काय आणायला सांगू?

अवंती_का

कॉलेजचं पत्र, ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स, कोरे कागद, दोन पेनं. पावणेदहाला गेटवर. जामीन होऊनही आत असलेल्यांची यादी अधीक्षकांकडून मागवली आहे, चौदा नावं आहेत. त्यातल्या पहिल्या पाच जणांचे आदेश मंगळवारी रात्री ई-कोर्ट्सवर शोधून ठेवा, आत मोबाईल नसेल.